कशाची माफी

सरिताने चपला उंबऱ्याबाहेर दोनदा आपटल्या, तरी हळदीचा थोडा धुरळा आत आलाच. खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेल्या सोनाजी पाईकरावांनी तो पिवळेपणा पाहिला आणि त्यांना एरोसाहेबांचं पत्र आठवलं. ‘माझ्या दोन शर्टांच्या बाह्या अजून पिवळ्याच आहेत,’ अशी त्या पत्राची सुरुवात होती. दिवाळीच्या सुमारास आलेलं पत्र. आता जयंतीही होऊन गेली होती, गल्लीतल्या निळ्या पताका उन्हाने फिकट होऊ लागल्या होत्या, आणि उत्तर गेलं नव्हतं.

“टोळी चालली,” पाण्याचा तांब्या उचलत सरिता म्हणाली.

“कोणाची?” आतून कमलबाईंनी विचारलं.

“मनकर्णाबाईंची. निवडणीच्या सगळ्या बाया. सोमवारपासून परभणी रस्त्यावरच्या कारखान्यात जाणार म्हणाल्या.”

“अन् तू काय म्हणलीस?”

“काय म्हणणार आत्या? त्यांचा निर्णय आहे. म्हटलं, ठीक आहे.”

कमलबाई भाकरीच्या पिठाचे हात घेऊनच बाहेर आल्या.

“ठीक हाय? हळदीचा सीझन भरात आला अन् ठीक हाय?”

सरिताने पाणी संपवलं, तांब्या जागेवर ठेवला. मग तोंडावरून पदर फिरवत म्हणाली, “शेठ म्हणाले, सोमवारी टोळी दिसली नाही तर इन्चार्जची खुर्ची सोडा आणि पुन्हा आपल्या तपासणीच्या खोलीत बसा. त्यांचा भाचा आलाय लातूरहून. हातात पेन घेऊन कारखाना बघत फिरतोय.”

सोनाजींच्या मनात एक जुनी शंका आली. ती त्यांनी बोलून दाखवली नाही, कमलबाईंनी दाखवली.

“आपल्या आडनावाचं तर काही न्हाई ना, पोरी?”

“नाही आत्या. टोळीत निम्म्या बाया आपल्याच आहेत.”

“मग काय झालं त्या मनकर्णाला? काही बोललीस का तिला?”

“काहीच बोलले नाही. कधीच काही बोलत नाही मी त्यांना.”

“तेच!” कमलबाई आत जाता जाता म्हणाल्या. “लोकाच्या घरी सून सासूवर जाती. आमच्या घरी सासऱ्यावर गेली. दोघं मिळून दिवसाला दहा शब्द बोलत न्हाईत.”

सोनाजींनी पुस्तकात डोकं खुपसलं. सरिता आत गेली. मग ते उठले, कपाटातला जाड शब्दकोश काढला आणि त्यात ठेवलेलं पत्र पुन्हा एकदा उघडून बसले.

शिवशंकरशेठच्या हळद कारखान्यात फिनलंडच्या एका कंपनीने भागीदारी घेतली, तेव्हा त्यांनी आपला माणूस इथे पाठवला होता. एरो त्याचं नाव. आडनाव वसमतमध्ये कोणालाच उच्चारता आलं नाही, म्हणून एरोसाहेब. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या सोनाजींना इंग्रजी वाचता येतं एवढ्यावरून त्यांना दुभाषी म्हणून बोलावलं. सोनाजींनी आयुष्यभर इंग्रजी वाचलं होतं, बोलले जवळजवळ नव्हतेच. पहिल्या दिवशी त्यांना घाम फुटला. पण लवकरच त्यांच्या लक्षात आलं की घाबरण्याचं कारण नाही, कारण हा साहेब बोलतच नाही.

सकाळी तो यायचा. ज्या हॉलमध्ये बाया बसून हळकुंडं निवडायच्या, गड्डे वेगळे, कांड्या वेगळ्या, तुटका माल वेगळा, त्या हॉलमधून एक चक्कर मारायचा. मोठ्या ड्रममध्ये हळद घासून चकचकीत होत असायची, तिथे दोन मिनिटं उभा राहायचा. मान हलवायचा. आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसायचा. सोनाजी शेजारच्या खुर्चीत. दोघंही गप्प. सोनाजींना ते महिने फार सुखाचे गेले.

सुरुवातीला एकदा त्याने सगळ्यांना सांगायला लावलं होतं: काम चांगलं चाललं आहे, असंच चालू द्या. त्यानंतर महिनाभर एक शब्द नाही. काम खरंच चांगलं चाललं होतं. पण कारखान्यात चर्चा सुरू झाली. साहेबाला तिखट बाधलं. साहेबाचं बायकोशी बिनसलं. शेठ आणि साहेब वेगळे होणार. कोणी म्हणालं, आपल्यातच कोणाचं तरी काहीतरी चुकलं आहे आणि साहेब बघतोय, कोण कबूल करतं.

आणि एका दुपारी सगळे त्याच्या दारात येऊन उभे राहिले. पुढे मनकर्णाबाई, तिच्या मागे टोळी, त्यामागे ड्रमवरची माणसं, हमाल, अगदी गेटवरचा किशनरावसुद्धा. मनकर्णाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले.

“सायेब, आमचं काही चुकलं असंल तर माफी करा.”

सोनाजींनी त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं. एरोसाहेब ताडकन उभा राहिला. काय चुकलं? कुठे? कोणत्या मालात? सोनाजींनी ते मराठीत विचारलं. मनकर्णाबाई म्हणाली, “ते सायबालाच ठाऊक.” सोनाजींनी तेही इंग्रजी केलं.

त्यानंतर साहेबाने पोती उघडायला लावली. ओल तपासली, काटा तपासला, ड्रम थांबवून आतून पाहिला. कुठेही काही सापडलं नाही. इकडे लोक एकमेकांकडे बघत होते: पाहिलं? म्हणलं नव्हतं, सायबाचा आपल्यावर शक हाय!

सोनाजी दोघांच्या मध्ये उभे होते. त्यांच्याजवळ फक्त शब्द होते आणि ते त्यांनी नीट पोहोचवले होते. त्यापलीकडे त्यांना कोणी काही विचारलं नाही, आणि न विचारता बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

एरोसाहेब गेला, जाताना तपासणीच्या खोलीतल्या सरिताला कारखान्याची इन्चार्ज करून गेला. ही कामात लुडबुड करत नाही, एवढंच कारण त्याने शेठला दिलं होतं. आणि काही महिन्यांनी हे पत्र आलं. सुबक, बारीक अक्षर. ‘मी पुष्कळ वर्षं माणसांकडून काम करून घेत आलो आहे. आमच्याकडे साहेब गप्प असला की लोक समजतात, सगळं ठीक आहे, आपल्यावर विश्वास आहे. तुमच्या देशाबद्दल पुस्तकात वाचलं की साहेबाने वडिलांसारखं वागावं. मला पुस्तकाचा भरवसा वाटत नाही. म्हणून तुम्हाला विचारतो. त्या दिवशी ते लोक कशाची माफी मागत होते?’

सोनाजींनी उत्तर लिहायला अनेकदा घेतलं होतं. पहिलं वाक्य नेहमी एकच यायचं: ‘भारतात असं असतं की’. तिथे पेन थांबायचं. भारतात म्हणजे कुठे? ते नागपूरला वर्षातून एकदा जात, औरंगाबादला कामापुरते जात, दिल्ली एकदा पाहिली होती, तीही तापात. असली पुस्तकं त्यांनीही वाचली होती. त्यात प्रत्येक देशाला गुण दिलेले असत, साहेबाला भिण्याचे इतके, एकमेकांना धरून राहण्याचे इतके. वाचताना पटायचं. पण त्या तक्त्यात मनकर्णाबाईला कुठे बसवायचं हे त्यांना कधी कळलं नाही. स्वतःला कुठे बसवायचं हे तर मुळीच नाही.

शनिवारी सरिता डबा विसरून गेली. कमलबाई म्हणाल्या, शेजारच्या पोराबरोबर पाठवून देते. सोनाजी म्हणाले, “मी जातो,” आणि कमलबाई पुढे काही बोलायच्या आत त्यांनी सायकल बाहेर काढली.

ऊन चांगलंच तापलं होतं. कारखान्याच्या मागच्या कडुलिंबाखाली बाया जेवायला बसल्या होत्या. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे, भुवया पिवळ्या. मनकर्णाबाईने त्यांना आधी पाहिलं.

“या सर, या! मुक्या सायबाचे दुभाषी आले गं! आज कोणाचं सांगणं घेऊन आलात?”

“सरिताचा डबा राहिला होता घरी.”

“म्याडम जेवतात व्हय? आमाला वाटलं, हवेवरच हायेत.”

बाया हसल्या. कोणीतरी पोतं झटकून त्यांच्यासाठी अंथरलं. सोनाजी डबा मांडीवर घेऊन बसले. कोणीतरी त्यांच्या हातावर अर्धी भाकरी आणि ठेचा ठेवला. नको म्हणायचं त्यांना सुचलं नाही. सावलीच्या कडेला टोळीतली भिकाबाई एकटीच बसली होती. तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

“मनकर्णाबाई, एक विचारू का?”

“विचारा की. आजकाल आमाला कोण काय विचारतं?”

सोनाजींनी घास गिळला. एवढ्या बायांसमोर प्रश्न विचारायचा म्हटल्यावर त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

“एरोसाहेब होते, तेव्हा तुम्ही सगळे मिळून माफी मागायला आला होतात. ती कशाची माफी होती?”

“कशाची म्हंजे?”

“म्हणजे, तुमचं काय चुकलं होतं?”

“आमचं?” मनकर्णाबाईने इकडेतिकडे पाहिलं. “काही न्हाई. काय चुकायचंय? त्या महिन्यात आमी असा माल निवडला, असा माल निवडला, की त्यात तुमाला तोंड दिसावं!”

“मग माफी कशाला?”

मनकर्णाबाईने हातातली भाकरी खाली ठेवली.

“सर, घरी कमलबाई रुसल्या तर तुमी काय करता?”

अशा वेळी सोनाजी पुस्तक घेऊन गच्चीवर जात. हे सांगण्यासारखं नव्हतं.

“थांबतो,” ते म्हणाले. “आपोआप निवळेपर्यंत.”

बाया खदखदून हसल्या.

“अवो, माणूस गप झाला तर त्याच्या पोटात काय हाय ते कसं कळायचं? मग आपणच आधी जायचं. चुकलं म्हणायचं. मग तो म्हणतो, व्हय चुकलंच तुझं, अन् घडाघडा बोलून मोकळा व्हतो. न्हाईतर म्हणतो, तुझं काय चुकलं गं, माझंच डोस्कं दुखून राहिलं. काही का असंना, तोंड तर उघडलं! आमी सायबाला तोंड उघडायला जागा करून दिली.” तिने कपाळाला हात लावला. “अन् सायेब काय करून राहिला? पोती उघडून राहिला!”

सोनाजींनाही हसू आवरलं नाही. ठसका लागला, कोणीतरी पाणी दिलं.

“मला तर साहेब गप होते तेच बरं होतं,” राधिका म्हणाली. ती टोळीत सगळ्यांत लहान, मेंढपाळाची पोर. “पाठीमागं कोणी उभं न्हाई, कोणी ओरडायला न्हाई. माझा हात तेव्हाच चालायला लागला.”

“तू मेंढरामागं एकटी हिंडलेली. तुला सवय.”

“मेंढरं माफीबी मागत न्हाईत, ते एक बरं.”

पुन्हा हसू झालं. सोनाजींनी राधिकाकडे कुतूहलाने पाहिलं. म्हणजे एका लिंबाखाली बसलेल्या या बायांचंही एक मत नव्हतं. त्यांना उगाच हायसं वाटलं. ‘भारतात असं असतं की’ हे वाक्य पुढे गेलं नाही तेच बरं झालं.

हसू ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “आणि आता सोमवारपासून तुम्ही...”

मनकर्णाबाईने भाकरीच्या फडक्याची घडी घालायला घेतली. घडी नीट बसली नाही, तिने पुन्हा उलगडली.

“भिकाबाईनं रजा मागितली. तिच्या मालकाला नांदेडला दवाखान्यात नेलं, पोटाचं आपरेशन. म्याडमनी काय केलं? दिली.”

“मग?”

“मग काय! दिली. काहून पाह्यजे, कोणाला काय झालं, एक शब्द न्हाई. घ्या रजा, बराबर हाय. आमी तिला सरूताई म्हणायचो, सर. तपासणीच्या खोलीतून यायची, आमच्या फडक्यातलं खायची. इन्चार्ज झाली अन् सायबावानी झाली. भिकाबाई परत आली तर कसं हायेत मालक, तेवढंबी न्हाई. मग मी म्हणलं, जातो म्हणून बघू.”

“जातो म्हणून बघू,” सोनाजी स्वतःशीच म्हणाले.

“मला वाटलं, म्हणंल, काहून जाता? कशा जाता बघते! दोन शिव्या दील. ती म्हणली, ठीक हाय.” मनकर्णाबाईचा आवाज खाली आला. “सगळ्यांदेखत बोलून बसले. परभणी रोडवर कोणाला जायचंय? भिकाबाईला तर तेवढं लांब जमणारच न्हाई, घरी दुखणेकरी. पण आता कोणत्या तोंडानं थांबू?”

“मी सरिताला सांगतो...”

“अजिबात न्हाई!” मनकर्णाबाईने बोट उगारलं. “तुमाला शपथ हाय, सर. सांगून विचारलं तर ते विचारणं हाय का?”

तेवढ्यात सरिता बाहेर आली. सासऱ्यांच्या हातातल्या भाकरीकडे बघत ती थबकली. बाया फडकी आवरू लागल्या.

“मामा, तुम्ही?” ती म्हणाली. “आता उन्हात परत जाऊ नका. ऑफिसात बसा. संध्याकाळी माझ्यासोबत चला.”

दुपारभर सोनाजी ऑफिसच्या काचेमागे बसून होते. पुस्तक उघडलं होतं, पण ते हॉलकडे बघत होते. सरिता निवडणीच्या रांगांमधून एक चक्कर मारून गेली. ती जवळ आली की प्रत्येक डोकं वर होत होतं, थोडंसं, काही ऐकू येईल अशा बेताने. सरिता मान हलवायची आणि पुढे जायची. डोकं खाली जायचं. एक राधिका तेवढी मान न उचलता भराभर हात चालवत होती. कितीतरी महिने हेच दृश्य सोनाजींनी एरोसाहेबांच्या शेजारून पाहिलं होतं आणि त्यांना ती डोकी कधी दिसली नव्हती.

शेठचा भाचा दारात उभा राहून पाहत होता. त्याने सोनाजींना अदबीने नमस्कार केला. वाईट मुलगा वाटला नाही. तेच जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी सायकल किशनरावच्या ताब्यात देऊन ते सरिताच्या स्कूटीवर मागे बसले. ऊन उतरलं होतं, रस्त्यावर कारखान्यातून सुटलेली माणसं होती. सोनाजी तिच्या पाठीमागे शब्द जुळवत होते. शपथ घातलेली. सांगायचं नाही. आणि न सांगता काही घडवायचं, तर त्यासाठी लागणारी माणसं वेगळी असतात, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

“सरिता,” ते अखेर म्हणाले, “माझं चुकलंच.”

“काय चुकलं मामा? काही नाही चुकलं.”

गाडी पुढे चालली. सोनाजींना वाटलं, संपलं. मग त्यांनी पुन्हा धीर केला.

“न सांगता आलो. उन्हात, सायकलवर. तुझ्या कामाच्या जागी येऊन बायांमध्ये बसलो.”

सरिताने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली आणि मागे वळली.

“चुकलं तर हायेच!” ती म्हणाली, आणि सोनाजींनी पहिल्यांदा तिच्या बोलण्यात डोंगरकडा गावचं माहेर ऐकलं. “असल्या उन्हात ह्या वयात सायकलवर कोण येतं? मागच्या साली चक्कर येऊन पडलात ते इसरलात का? काही झालं असतं तर आत्यांना काय सांगितलं असतं मी? अन् आलात ते आलात, मला भेटायचं सोडून तिथं काय बसून राहिलात? मी आतून बघून राहिले, मामा हसून राहिले! घरी कधी हसता का? माझ्याशी कधी दोन शब्द बोलता का? मी इन्चार्ज झाले, पेढे आणले, तुमी पेढा खाल्ला अन् पुस्तक उघडलं. चांगलं झालं म्हणलं न्हाई, वाईट झालं म्हणलं न्हाई. मला वाटलं, तुमाला पटलंच न्हाई.”

सोनाजींनी त्या दिवशी पुस्तक उघडलं होतं हे खरं. त्यातली एकही ओळ त्यांना दिसली नव्हती, कारण डोळे सारखे भरून येत होते.

“मला फार आनंद झाला होता,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुला कळलं असेल.”

“कसं कळणार, मामा? तुमी बोलल्याबिगर कसं कळणार?”

उसाचा एक ट्रॅक्टर धडधडत गेला. सरिताचा एक हात हँडलवर होता, दुसऱ्याने ती कपाळावरची हळद पुसत होती, आणि पुसता पुसता तो हात थांबला.

“मामा,” ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, “आज जेवताना भिकाबाई बाजूला बसली होती ना?”

“हो.”

“तिनं मधे रजा घेतली होती. कशासाठी?”

“मला माहीत आहे,” सोनाजी म्हणाले. “पण मला सांगता येणार नाही.”

सरिताने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिने स्कूटी वळवली.

भिकाबाईचं घर वस्तीच्या टोकाला होतं. सोनाजी बाहेर हापशाजवळ थांबले. आतून आधी काही ऐकू आलं नाही. मग शेजारच्या दारातून मनकर्णाबाई बाहेर आली, सोनाजींकडे एक संशयाची नजर टाकली आणि आत गेली. सोनाजींनी दोन्ही हात हलवून आपण काही सांगितलं नसल्याची खूण केली, पण तोवर ती आत पोहोचली होती.

“जातो म्हणून सांगता येतं, अन् मालकाचं पोट फाडलं ते सांगता येत न्हाई?” हा आवाज सरिताचा होता. सोनाजींना खात्री करून घ्यावी लागली.

“तू इचारलं काहून न्हाई?” हा मनकर्णाबाईचा.

“मला वाटलं, घरची गोष्ट, कशाला खोदून विचारायचं!”

“घरची हाय म्हणूनच इचारायचं असतं, सरूताई!”

“अन् सोमवारी परभणी रोडला पाऊल टाकून तर दाखवा. सगळ्यांच्या घरी येऊन वरडून जाईन एकेकीच्या!”

“ये की! आमी काय भितो व्हय?”

पुढचं सगळं एकावर एक होतं, त्यातलं काही कळलं नाही. मधेच भिकाबाईच्या मालकाचा अशक्त आवाज आला, “अवो, जरा हळू, टाके हायेत,” आणि तिघींचं हसू फुटलं. थोड्या वेळाने चहाच्या आल्याचा वास आला. एक लहान मुलगी सोनाजींसाठी बशी-कप घेऊन बाहेर आली. चहा फार गोड होता. त्यांनी तो सगळा प्यायला.

सोमवारी सकाळी सरिता निघताना म्हणाली, “आत्या, डब्यात दोन भाकरी जास्तीच्या घाला.” दाराशी ती थांबली. “आणि मामा, मी विचार करत होते. राधिकाची जागा खिडकीजवळ करते. तिला कोणी मधे बोललेलं आवडत नाही. बरोबर ना?”

“बरोबर,” सोनाजी म्हणाले. आणि मग, ती उंबरा ओलांडायच्या आत, घाईघाईने, “चांगलं काम करतेस तू.”

आत कमलबाईंच्या हातातलं झाकण खाली पडलं.

सोनाजी टेबलाशी बसले. भारताचं काही लिहायचं नाही, एवढं आता ठरलं होतं. पुस्तकातलंही नाही. लिंबाखाली काय ऐकलं ते लिहिलं. त्या लोकांचं काहीच चुकलं नव्हतं. तुम्ही बोलावं म्हणून त्यांनी तुमच्यासाठी दार उघडून धरलं होतं, आणि तुम्ही पोती उघडलीत. तुम्ही गप्प राहूनच आमच्यावर सर्वांत जास्त विश्वास टाकला होता, हे त्यांना दिसलं नाही आणि मला ते सांगता आलं नाही. इथे एक मुलगी मात्र आहे, जिला तुमचं गप्प राहणं अजून आठवतं. सरिता आता बोलणं आणि गप्प राहणं, दोन्ही करून पाहते आहे. जमेल की नाही ते माहीत नाही, शेठचा भाचा अजून गेलेला नाही. शेवटी त्यांनी विचारलं: तुमच्याकडे सगळेच गप्प असतात, तर एखाद्याला मनातलं बोलायचं असलं की तो सुरुवात कशी करतो? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

पोस्टात बाईंनी पाकीट वजन करून तिकिटं दिली. सोनाजींनी ती चिकटवली. बाहेर लाल पेटीशी आल्यावर त्यांना अचानक शंका आली आणि पाकीट हातात घेऊन ते उन्हात तसेच उभे राहिले. पत्राची पहिलीच ओळ त्यांनी नकळत लिहून टाकली होती: ‘माझं काही चुकलं असेल तर माफ करा.’

तिकडे फिनलंडमध्ये आपल्या घरात तो भला माणूस ही ओळ वाचून पुन्हा उठून उभा राहील. काय चुकलं, कुठे, म्हणून जुनी पत्रं काढून तपासत बसेल. ओळ खोडायला हवी होती. पाकिटाचा डिंक अजून पुरता वाळला नव्हता, उघडता आलं असतं.

की वाचून, पहिल्यांदाच, तो काही बोलेल?

सोनाजींनी पाकीट पेटीच्या फटीत सरकवलं आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथेच ठेवला.